मुंगसेची गाडी पुन्हा बंद पडते

मी ईएमईचा हवालदार, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस. निवृत्तीनंतरचं माझं पोस्टिंग तळवड्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झालं. हुकूम मुंगसेच्या बायकोचा होता.

नाईक मुंगसे आमच्या युनिटचा डिस्पॅच रायडर. सीमेवरच्या एका पोस्टवर निरोप पोहोचवून परतताना तोफगोळ्यात गेला. त्याची स्वतःची जुनी साडेतीनशे सीसी मोटारसायकल चाकणजवळच्या गावी गोठ्यात उभी राहिली. आजूबाजूला कंपन्या आल्या, ट्रेलर भरभरून नव्या गाड्या बाहेर पडू लागल्या. ही जागची हलली नाही. आता गावच्या चौकाला त्याचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा वहिनींनी अट घातली.

"चौकात मी त्यांच्या गाडीवर बसूनच येणार. न्हाईतर तुमची फीत तुमीच कापा."

मी आणि सुभेदार जाधव कामाला लागलो. पिस्टन नवा, वायरिंग नवं. टाकी जाधवसाहेबांनी रंगवली, झाकणासकट. इन्स्पेक्शनच्या आधी दिसेल ते रंगवायचं, ही सवय पेन्शनसोबत घरी येते.

गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. तो आवाज पत्र्यावर घुमला आणि आम्ही दोघंही नकळत सावधान उभे राहिलो. इतकी वर्षं मुकं पडलेलं लोखंड बोलत होतं.

पण ट्रायलला देहूरोडच्या बाजूला नेली की थोड्या अंतरावर ती मरायची. प्लग काढला, ठिणगी चोख. कार्बोरेटर साफ केला. तापल्यावर दगा देत असेल म्हणून कंडेन्सर बदलला. रस्त्यात बंद पडली की झाकण उघडून पेट्रोल बघायचं, किक मारायची, पुन्हा सुरू. पुन्हा थोड्या अंतरावर बंद.

कार्यक्रमाच्या सकाळी, चाकणच्या रस्त्यावर, ट्रेलरच्या रांगेत ती पुन्हा मेली. जाधवसाहेब ब्लेझर आणि मेडल लावून टेम्पोतून मागे येत होते. मी फोन केला.

"साहेब, गाडी बंद."

"लोकेशन?"

"तुमच्या टेम्पोच्या पुढे."

ते उतरले.

"वहिनींना टेम्पोतून न्यायचं?" मी विचारलं.

"तू सांग त्यांना."

"तुम्ही सीनियर."

त्यांनी पेट्रोल बघायला झाकणाला हात घातला. झाकण निघेना. आतून कोणी ओढून धरल्यासारखं. जोर लावला तेव्हा फुस्स करून हवा आत गेली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. झाकणाला एक बारीक भोक असतं. टाकीतलं पेट्रोल उतरतं तशी त्यातून हवा आत जाते. भोक बुजलं की पेट्रोल उतरायचं थांबतं. आम्ही रोज झाकण उघडून गाडीला श्वास देत होतो आणि कौतुक किकचं करत होतो.

"रंगाचे हात किती दिले, साहेब?"

"तीन. वर लॅकर."

"फारच सुंदर दिसतंय."

जाधवसाहेबांनी छातीवरची मेडलांची पट्टी उतरवली आणि तिच्या पिनेने भोक टोकरलं. मेडलांचा इतका थेट उपयोग मी सबंध नोकरीत पाहिला नव्हता.

वहिनी दारात तयार होत्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे बसल्या.

"ह्या वळणावर आवाज यायचा, भाऊ. मी लगेच चहा टाकायची," एवढंच त्या वाटेत बोलल्या.

वाटेतल्या एका कंपनीच्या गेटपाशी रात्रपाळी सुटली होती. रात्रभर इंजिनं जोडणारी ती माणसं बोलता बोलता थांबली आणि आम्हाला वाट देऊन बाजूला झाली. गाडी अडखळली नाही.

चौकात मंडप, फुगे, शहिदाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात पाहुण्यांची नावं. निवेदक माइकवर म्हणाला, "सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. कृपया ती गाडी बंद करा."

मी चावीकडे हात नेला. वहिनींनी खांदा दाबला.

"ऱ्हाऊ द्या चालू."

निवेदकाने कागद पाहिला. कागदात हे नव्हतं. तोवर जाधवसाहेब सावधान झाले होते, म्हणून पाहुणेही झाले.

दोन मिनिटं नाईक मुंगसेची गाडी एकसारखे ठोके देत राहिली. दुसरा आवाज कोणीच केला नाही.