मधात काय आहे?

आर्णीच्या बाजारात निजामुद्दीन मिस्तरीचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा त्याचा वैताग मोठा होता. शिवणयंत्र असो की विहिरीवरचं तेलइंजिन, बिघाडाचं कारण माणसं दूरदूरून धरून आणायची. अमावास्या, नजर, शेजारणीची शिंक! मिस्तरी एकच विचारायचा, "तिथून इथवर आलं कसं? मधात काय आहे?"

भगवानराव मास्तर त्याला डिवचायचे. "मिस्तरी, विलायतेतले शास्त्रज्ञ याच्यावरच भांडून राह्यले. मधातलं काही न हलवता दूरची वस्तू इथली वस्तू हलवते का म्हणून."

"त्याईले म्हणा, आधी एक इंजिन दुरुस्त करून पाहा."

पासष्ट सालच्या चैत्रात भावसिंगच्या तांड्यावरून चौथ्यांदा बोलावणं आलं. मिस्तरी सायकल हाणत पोचला, तर भावसिंग हात जोडून उभा.

"आखरी बार पाह्य, मिस्तरी. शुक्रवारी सुनेचा भाऊ येते. तिले कायमची माहेरी धाडतो."

"इंजिन बिघडलं म्हणून सून वापस?"

"दिवाळीले ती आली, तवापासून हे बंद पडून राह्यलं. दुपारी सुखी गोठ्यावर बैलाले पाणी पाजाले गेली, का इकडं इंजिन ठप्प. नजर हाय तिची."

"गोठ्यावरून इंजिन दिसते का?"

"नाई दिसत. म्हणून तं भारी नजर!"

मिस्तरीनं कपाळाला हात लावला. खरं तर त्याचा अर्धा राग स्वतःवरच होता. तीनदा त्यानं इंजिन उघडलं होतं. पण आर्णीहून येईतो ते गार झालेलं असायचं आणि पहिल्याच हँडलला टुकटुक सुरू व्हायचं. या खेपेला तो इंजिनाजवळच बसून राहिला.

उन्हानं पळसाची सावली बुडाशी गोळा केली. उतारावरून सुखीबाई बैल घेऊन गोठ्याकडे गेली. थोड्या वेळानं इंजिन धापा टाकू लागलं आणि थांबलं. मिस्तरीनं हात लावला, तापल्या तव्यासारखं! विहिरीचं पाणी उपसणाऱ्या जाड्या पाइपातून इंजिन थंड ठेवायला पाणी आणणारा बारीक पाइप ठणठणीत कोरडा होता.

तो पाइप धरून मिस्तरी चालू लागला. दहा पावलांवर त्याला एक फाटा जोडलेला होता, तो मातीत शिरला. पुढे बुजवलेल्या चराची मऊ माती होती. पायाखाली ती चाचपत तो उतार उतरला, तो थेट गोठ्यातल्या हौदाशी. तिथं नळ उघडाच होता, आणि इंजिनाच्या वाट्याचं पाणी हौदात तुडुंब भरलं होतं.

"हा कवा बसवला?"

सुखीबाईनं पदर पुढे ओढला. "दिवाळीले. माह्या डोक्यावरचा हंडा सुटावा म्हणून मामंजींनीच. नळ सोडला का इंजिनाचा आवाज बदलते, भाऊ. म्या सांगतलं. कोणी आयकलंच नाई."

मिस्तरी ओशाळला. तीन खेपांत त्यानंही तिला काही विचारलं नव्हतं.

नळ बंद केला, इंजिन जरा निवू दिलं. मग ते दिवस कलेपर्यंत अखंड चाललं. भावसिंगनं वाकून पाइप चाचपला.

"म्हंजे नजर पाइपातून गेली म्हण!"

"हो रे बाप्पा! पाइपातूनच गेली. पण निदान पाइप तं लागला ना तिले?"

भावसिंगनं मान खाली घालून बायकोला हाक मारली, "जमनी, शुक्रवारी पाव्हण्याले जेवू घाल अन् एकटाच धाड. सून इथंच राहीन."

मिस्तरी सायकलवर बसला, तोच सुखीबाई डोक्यावर हंडा घेऊन विहिरीकडे येताना दिसली.

"आता हंडा कायले?"

"नळ बंद हाय ना, भाऊ."

मिस्तरीनं दात-ओठ खाल्ले, सायकल बाभळीला टेकवली आणि पिशवीतून पाना काढला. "ठेव तो हंडा खाली! नळ जाड्या पाइपावर जोडून देतो."