व्हिडिओ, घाम आणि आत्याबाईची सही

वकिलांना स्वतःची जाहिरात करायला मनाई आहे. हा नियम वकिलांच्याच भल्यासाठी केला असावा, हे माझ्या लक्षात जरा उशिरा आलं.

मी सिंदेवाहीत वकिली करतो. म्हणजे काळा कोट घालून कोर्टात जातो, चहा पितो आणि पुढची तारीख घेऊन घरी येतो. बायको वैशाली, तीही वकीलच. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून 'फर्म' काढली. फर्मचं ऑफिस आमच्या पडवीत. (अशील बसलेला असला की बाबांना शेतावर मागच्या दाराने जावं लागे.) म्हणून बाजाराच्या रस्त्यावर आजोबांची मोकळी जागा होती, जिथे आमचं धानाचं तणस रचलेलं असे, तिथे पक्कं ऑफिस बांधायचं ठरलं. नकाशा तयार झाला. पाटीसुद्धा रंगवून आणली! फक्त जागेच्या कागदावर बाबांसोबत त्यांच्या दोन बहिणींची नावं होती: चामोर्शीची शेवंताआत्या आणि चिमूरची पार्वताआत्या. त्यात काळजीचं काही नव्हतं. आमच्याकडे रीतच आहे. बहिणी माहेरी येतात, गोडधोड जेवतात, नवं लुगडं घेतात, हक्कसोडपत्रावर सही करतात आणि डोळे पुसत एसटीत बसतात. येत्या सोमवारी आत्याबाई येणार होत्या. लुगडी आणून ठेवली होती.

तेवढ्यात वैशालीला व्हिडिओ सुचला.

"जाहिरात नाई करता येत आपल्याले," मी म्हणालो.

"जाहिरात कोण करून राह्यलं? फक्त कायद्याची माहिती द्याची. लोकाइले अक्कल हाये, येतीन आपोआप."

पहिला व्हिडिओ मी चेक न वटण्यावर केला. तो मी पाहिला, वैशालीने पाहिला आणि नंतर चुकून पुन्हा मीच पाहिला.

"बायकाइच्या कामाचं बोला काहीतरी," वैशालीने फर्मावलं. "पोरीच्या वाट्याचा विषय घ्या. बायका पाह्यतीन अन् चार जणीले पाठवतीन."

मे महिना होता. आमच्याकडच्या मे महिन्यात माणूस कुलरसमोरून हलत नाही, आणि मी कुलर बंद करून बसलो होतो, कारण त्याच्या आवाजात माझा आवाज ऐकू येईना. वर कोट, गळ्यात पांढरा बँड, खाली हाफपँट. (मोबाइलमध्ये टेबलाखालचं दिसत नाही, ही या धंद्यातली मोठी सोय!) मी कलमापासून सुरुवात केली. वैशालीने मोबाइलमागून हात हलवले. "थांबा! मलेच झोप येऊन राह्यली! मनातून बोला!"

मग मी मनातून बोललो.

"बहिणींनो! एका लुगड्यासाठी सही करू नका! भाऊ गोड बोलेल, भाचा पाया पडेल, जेवायला पुरणपोळी वाढतील. खा! पण सही करू नका! बापाच्या जागेत तुमचाही वाटा आहे!"

एव्हाना घामाच्या धारा कपाळावरून डोळ्यात शिरल्या होत्या. डोळे लालभडक, गालावरून पाणी, हनुवटीवरून टपटप. आवाजही कापायला लागला, कारण मला चक्कर येत होती. हात जोडून मी कसाबसा शेवट केला. वैशाली म्हणाली, "वा! का रडले तुमी!"

(एका घरात दोन वकील. आणि दोघांपैकी एकालाही सोमवार आठवला नाही!)

व्हिडिओ सुटला तो सुटलाच. एसटीत, बचत गटात, दवाखान्याच्या रांगेत मीच रडत होतो! बाजारात एका बाईने मला मोफत टमाटे दिले. मी हवेत होतो. मग घरी पहिला अशील आला, तो मात्र रागावलेला. त्याचं हक्कसोडपत्र मीच लिहून ठेवलं होतं.

"वकीलसाहेब, माही बहीण सही कराले येऊन नाई राह्यली! काऊन बोल्ले असं?"

त्याच्यामागे आणखी एक भाऊ, त्याच्यामागे आणखी एक. सगळे माझेच अशील! पडवी पहिल्यांदा गच्च भरली, आणि प्रत्येकाला आपला कागद परत हवा होता.

त्यांना वाटेला लावतो तोच शेवंताआत्याचा फोन आला. ती रडत होती.

"बाबू, पाह्यलं रे तुले! सारी गल्ली पाहून राह्यली. तू रडला, मी बी रडली. बापासमोर तुले बोलता नाई आलं, म्हणून मोबाइलवरून सांगितलं ना आमाले? समजलं मले. पार्वताले बी समजलं. आमी नाई करत सही!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि तीही बाजाराच्या रस्त्यावरची. तो व्हिडिओ तिच्यासाठी नव्हता, हे मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण ती इतक्या मायेने बोलत होती की मी नुसतं 'हाव, हाव' म्हणत राहिलो. लहानपणी तिनेच मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. मला स्वतःची लाज वाटली. (ऑफिस हातचं जाणार याचं दुःखही वाटलं. जरा जास्तच वाटलं.)

सोमवारी दोघी आल्या. जेवल्या. लुगडी घेतली, रंग पसंत आहे म्हणाल्या. मी कागद पुढे केला, तर शेवंताआत्याने तो बाजूला सारून त्यावर पानदान ठेवलं.

"आत्याबाई, तो व्हिडिओ लोकांसाठी होता," मी चाचरत म्हणालो.

"मंग आमी कोण होय? ढोरं?"

"तसं नाई. पण राजीखुशीने सोडता येते वाटा."

आत्याने मोबाइल काढला. पडद्यावरचा मी ओरडलो, "भाचा पाया पडेल!"

मी नेमका तिच्या पायाशीच बसलो होतो. घाईघाईने उठलो.

"घरातलं घरात राह्यलं पाह्यजे ना," मी दुसरा मुद्दा काढला.

आत्याने पुन्हा बटण दाबलं. "भाऊ गोड बोलेल!"

"हाव ना वं, अस्सल असंच होईन म्हणलं होतं यानं मोबाइलवर," पार्वताआत्या म्हणाली.

मी एकेक मुद्दा मांडत होतो आणि पडद्यावरचा घामाघूम वकील तो खोडून काढत होता. कोर्टात मी कधी इतका चांगला बोललो नव्हतो! शेवटी मी आशेने बाबांकडे पाहिलं.

"शेवंता," बाबा म्हणाले, "आजपावेतो तू मांगितलं नाई, म्हणून मी देल्लं नाई. चुकलं माहं. घे." आणि माझ्याकडे वळून, "तू काऊन उभा? लिही वाटणी!"

मी लिहिली. फुकट. वैशालीने साक्षीदार म्हणून सही केली, आणि तिचे डोळे खरंच भरून आले होते. रस्त्याकडचा तुकडा शेवंताआत्याने मागितला, मागचा पार्वताआत्याने, आणि आमच्या वाट्याला मधलं तणस राहिलं.

वर्षभरात शेवंताआत्याने त्या जागेवर टिनाची एक ऐसपैस खोली बांधली. तीत आता आमच्या फर्मचं ऑफिस आहे. आम्ही भाडेकरू. माझी पाटी तिने स्वतः उभं राहून लावून घेतली, आणि कोणी विचारलं की सांगते, "माहा भाचाच व्हय." भाडेकरार मात्र तिने चामोर्शीहून दुसऱ्या वकिलाकडून करून आणला.

"आत्याबाई, मी होतो ना घरचा वकील!"

"हाव बाबू," तिने प्रेमाने माझ्या तोंडावरून हात फिरवला, "पण जागेचं काम हाये. त्याले चांगला वकील लागते."

सही करण्याआधी मी तो करार तीनदा वाचला, एखादी तरी चूक सापडेल म्हणून. वकील खरंच चांगला होता.