काटेसाहेबांच्या टेबलावर सॉस नसतो

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळी गल्ली काटेसाहेब म्हणते. दुकानादुकानांतून फिरून वजनकाटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा आणि नसले तर दुकानदाराला जीव नकोसा करून सोडायचं, ही त्यांची सरकारी नोकरी. माणूस प्रामाणिक. इतका प्रामाणिक, की त्यांच्याजवळ अर्धा तास बसलं की एखाद्या लबाड माणसाला भेटावंसं वाटू लागतं.

नोकरीबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार रविवारच्या दुपारची आहे.

रविवारी साहेब स्वतः स्वयंपाकघरात शिरतात आणि स्टेक करतात. मांसाचा जाडजूड तुकडा, नुसतं मीठ लावून तव्यावर भाजायचा. यात बिघडवण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. साहेब तुकडा तव्यावर टाकतात आणि त्यावर लोखंडी वजन ठेवतात. साधंसुधं नव्हे, कचेरीच्या शिक्क्याचं, खात्रीचं वजन! त्याखालून रस चुर्र करत बाहेर येतो. तो सगळा रस साहेब मोरीत ओतून टाकतात. वर म्हणतात, "पाणी गेलं की जे उरतं ते खरं वजन."

जे उरतं ते बुटाला तळ म्हणून लावता येईल. खाटीक बिचारा मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुमच्या पाहुण्यांना सांगा की हो काहीतरी. मी त्यांच्यासाठी सगळ्यात कोवळा तुकडा काढून ठेवतो. घरी गेलो की झोप लागत नाही."

"मग जून देत जा."

"त्यांना देऊ? उद्या काटा तपासायला येतील ते!"

तर असा हा स्टेक. आणि साहेबांच्या टेबलावर सॉसला बंदी. "चांगल्या मांसाला सॉस लागत नाही. सॉस म्हणजे लबाडी. वजनात दांडी मारतात ना दुकानदार, तशी चवीत मारलेली दांडी," हे त्यांचं भाषण. ते मला पाठ आहे. त्यांच्या लग्नाआधी बहिणीला मोहरीचा सॉस जिवापाड आवडायचा. लग्नानंतर, माझ्या मते, नवऱ्यापेक्षा जास्त आवडू लागला.

पण देवाने साहेबांना एक खोड दिली आहे आणि तिच्यावरच ते घर तगलं. पहिले तीन घास ते डोळे मिटून चावतात. चवीकडे लक्ष जावं म्हणून. त्यांचा घास काही लवकर गिळला जात नाही, त्यामुळे घरच्यांना भरपूर वेळ मिळतो. साहेबांच्या पापण्या मिटल्या रे मिटल्या की टेबलाभोवती अशी शिस्तीत धांदल उडते, की लष्करानं बघून शिकावं. बहीण एप्रनच्या खिशातून हाताला लावायच्या मलमाची नळी काढते. आत मोहरीचा सॉस. एकदा घाईत खरंच मलम पिळलं गेलं. "कसं लागलं?" मी विचारलं. म्हणाली, "दादा, मऊ तरी लागलं."

साहेबांची म्हातारी आई खोकल्याच्या औषधाची बाटली उघडते. आत टोमॅटो सॉस. म्हातारीला खोकला फक्त रविवारी येतो, ही गोष्ट इतक्या वर्षांत पोटच्या पोराच्या लक्षात आली नाही. आणि दुसऱ्यांच्या काट्यात केसभर फरक असला तर तो पकडतो!

भाचीची बाटली सगळ्यांत लहान. ती दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. तिथली औषधाची रिकामी बाटली उकळून घ्यायची आणि तिच्यात मिरी, लोणी आणि साय घालून केलेला सॉस भरायचा. गार झाला की घट्ट होतो म्हणून पोरगी ती बाटली दोन गुडघ्यांत धरून उबेला ठेवते. हे एवढे कष्ट एका तुकड्यासाठी. मी? मी घरून जेवून जायचो आणि पोट बरं नाही म्हणून सांगायचो.

याच भाचीला साहेबांनी एक स्थळ काढलं. त्यांच्याच कचेरीतला, त्यांच्याच हाताखालचा. भांग सरळ, इस्त्री कडक, आणि "हो सर" म्हणायची अशी हातोटी, की सर अजून बोललेही नसायचे. मी त्याला उमेदवार म्हणायचो, कारण तो कसली ना कसली उमेदवारी करतच असायचा. तरी मुलगा वाईट नव्हता दिसायला. भाची त्याच्याबरोबर दोनदा फिरून आली आणि चक्क हसत आली. बहीण मला हळूच म्हणाली, "दादा, पोरीला आवडलाय असं दिसतंय. रविवारी जेवायला बोलावलंय. जेवण झालं की हो की नाही ते ती सांगणार आहे."

"त्याला स्टेक घालणार?"

"हे ऐकतच नाहीत."

"मग लग्न झाल्यावर घाला. आधी कशाला घाबरवता?"

रविवार उजाडला. उमेदवार फुलं घेऊन आला. फुलं त्याने भाचीला दिली नाहीत, बहिणीला दिली नाहीत, काटेसाहेबांना दिली! भाचीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

ताटल्या आल्या. साहेबांनी भाषण केलं. उमेदवार भाषणाला मान डोलावत होता. मग साहेबांनी पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले.

धांदल उडाली. नळी निघाली, म्हातारीला खोकला आला. उमेदवाराने घास तोंडात घेऊन एकदा चावला, दुसऱ्यांदा चावला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं. पोरीला दया आली हो! तिने स्वतःच्या ताटलीत एक थेंबही घेतला नाही. ती उबदार बाटली टेबलाखालून त्याच्या हातात सरकवली आणि भुवया उंचावून वडिलांकडे खूण केली, लवकर आटप. सबंध आयुष्यात तिने ती बाटली दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. मला म्हणजे सख्ख्या मामालाही नाही.

उमेदवाराने बाटलीकडे बघितलं. साहेबांकडे बघितलं. त्याच्या कपाळामागे हिशेब चाललेला मला दिसत होता. आणि मग त्या शहाण्याने ती बाटली उचलून टेबलावर ठेवली. ठक्क!

साहेबांनी डोळे उघडले. "हे काय?"

"सॉस दिसतोय, सर. मला कुणीतरी खालून दिला. मी म्हटलं, एवढ्या सुंदर चवीवर काही घालायचं म्हणजे पाप."

"कुणीतरी नाही," भाची म्हणाली. "मी दिला."

साहेबांचा काटा कधी नव्हे तो डळमळला. ते म्हणाले, "तू? माझ्या घरात?"

बहीण आयुष्यात कधी नवऱ्याला उलटून बोललेली नाही. त्या दिवशीही बोलली नाही. फक्त मलमाची नळी काढून बाटलीशेजारी ठेवली. मग म्हातारीने आपली बाटली पुढे केली.

"आई, ते खोकल्याचं औषध आहे," साहेब म्हणाले.

"खोकला कुणाला झालाय मेल्या?"

साहेबांनी बाटलीचं बूच काढून हुंगलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस स्वतःशी हसेल आणि सुटेल. पण स्वतःवर हसायला जरा कुठेतरी सैल असावं लागतं. ते वळले उमेदवाराकडे. "तुला खरंच आवडलं?"

"सर, असं मी आजवर कुठेच खाल्लं नाही."

"एवढं मात्र खरं बोलला," म्हातारी म्हणाली.

साहेबांचा चेहरा उजळला. "ऐकलंत? या घरात मला समजणारा एकच माणूस आहे, आणि तो बाहेरचा! पोरी, माझ्याकडून पक्कं. तुझं काय ते सांग."

भाचीने आपली बाटली उचलून बूच घट्ट लावलं. ती रागावलेली नव्हती, हेच जास्त वाईट होतं. उमेदवाराला म्हणाली, "खायचा नव्हता, तर बाटली खिशात टाकायचीस. जिन्यात मला परत दिली असतीस. हसलो असतो आपण."

"पण सरांपासून लपवायचं म्हणजे..."

"माझं उत्तर नाही."

"एका बाटलीवरून?" साहेब ओरडले. "त्याने काय वाईट केलं? खरं तेच सांगितलं!"

"बाबा, मी टेबलाखालून दिली होती. नको असेल तर टेबलाखालून परत द्यायची," पोरगी म्हणाली, आणि ताटली उचलून आत गेली. तिच्यामागे तिची आई गेली. म्हातारीला उठायला वेळ लागतो, पण तीही गेली, जाताना बाटली घेऊन. मी पाहुणा म्हणून बाहेर बसायला हवं होतं. पण आत मोहरीचा वास दरवळू लागला आणि माझं बिघडलेलं पोट एकदम सुधारलं.

आता त्या घरात रविवारी दोन पंक्ती बसतात. आत स्वयंपाकघरात तिघीजणी आणि मी. तिघींच्या बाटल्या उघड्यावर असतात. खाटकाकडचा तुकडा आता बहीण वेगळा आणते, वजनाखाली न चिरडता भाजते, आणि तव्यातला रस आम्ही बोटाने पुसून खातो. भाची आत जोरजोरात हसते. स्थळं येतात, जातात. तिला घाई नाही.

बाहेरच्या खोलीत काटेसाहेब आणि उमेदवार. हो, तो अजूनही येतो! न येऊन करतो काय? एकदा सुंदर म्हणून बसलाय, आणि साहेबांना निवृत्त व्हायला बराच अवकाश आहे. दोघे समोरासमोर बसतात, एक डोळे मिटून चावतो आणि दुसरा डोळे उघडे ठेवून. मधूनच "वा सर" ऐकू येतं. साहेबांना मुलगी उजवता आली नाही, पण जावई मिळाला, तोही खासा त्यांच्या मापाचा.

परवा मी निघालो तर उमेदवार जिन्यात उभा. जबडा चोळत होता. इकडेतिकडे बघून म्हणाला, "मामा, एक विचारू? त्या बाटलीत होता तरी कसला सॉस?"

"मिरीचा. साय घालून केलेला."

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "चांगला लागतो?"

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "वर जाऊन सरांना विचारा."