मी न दिलेली हाक

मी नागपूरच्या एका बुद्धविहाराच्या अंगणात वाढलेली मुलगी. भूत, भानामती, अंगात येणं... आमच्या घरी असलं काही कुणी बोललं की आई सरळ विचारायची, "पुरावा?" त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर हसत हसत वाचले. आज स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं तर हसा.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला एका छोट्या रॉकेट कंपनीत आहे. आमचं रॉकेट स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरून उडतं. त्याचा खालचा भाग, म्हणजे बूस्टर, काम झालं की पॅराशूटने समुद्रात उतरतो आणि पुन्हा वापरायला तो ओढून आणावा लागतो. कसा आणायचा, दोरी कुठे अडकवायची, बोटीने किती लांब थांबायचं — त्या प्लॅनचं पानन् पान माझं. पण बूस्टर आणायला जहाजावर कोण गेलं? प्राजक्ता!

प्राजक्ता माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. इथे आम्ही एकाच घरात राहतो. या नोकरीची जाहिरातही तिला मीच पाठवली होती. जहाजावर जायला पाण्यातली टेस्ट असते — उलट्या केलेल्या केबिनमधून बुडी मारून बाहेर यायचं. मी दोनदा नापास. बाईसाहेब पहिल्या झटक्यात पास! चूक कुणाचीच नव्हती, म्हणून तर जास्त जळफळाट झाला. त्या दिवसापासून मी तिला 'प्राजू' म्हणणं सोडलं.

"काऊन अशी परक्यासारखी वागून राहिली तू?" तिने एकदा विचारलंही.

"कुठे काय," म्हणत मी भांडी घासत राहिले.

गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळचे सव्वाअकरा. लेस्टरच्या कंट्रोल रूममध्ये माझं काम एकच — बूस्टरच्या टाकीतलं प्रेशर बघायचं. शून्य झालं की 'गो', वाढलं की 'होल्ड', म्हणजे बोट थांबवायची. शून्य दिसलं, मी 'गो' दिला. स्क्रीनवर केशरी सूटमधली प्राजक्ता छोट्या बोटीतून निघाली. पुढे लाटांवर डुलणारा काळवंडलेला बूस्टर, आणि ही कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतेय. खोलीत टाळ्या. प्लॅन माझा, दोरी माझी, आणि टाळ्या हिला!

तेवढ्यात आकडा हलला. शून्य... दोन... पाच.

माइकचं बटण बोटाखाली होतं. आणि मी ते दाबलं नाही. मनात आलं, होऊ दे थोडी फजिती. चार-पाच सेकंद असतील.

स्क्रीनवर बोट गर्रकन वळली. पुढच्याच क्षणी बूस्टरचा व्हॉल्व्ह फुटला आणि बोट जिथे पोचली असती तिथलं पाणी पुरुषभर उसळलं. तेव्हा कुठे मी बटण दाबून 'होल्ड' ओरडले. काय उपयोग होता?

संध्याकाळी जहाजावरून तिचा फोन आला. रडत होती. "तू ओरडली म्हणून वाचले गं. 'प्राजू, मागे फिर, टाकी भरतेय!'... किती दिवसांनी प्राजू म्हणाली मला!"

मला वाटलं, घाबरून भास झाला असेल. पण बोट चालवणारे शेटलंडचे आजोबाही म्हणाले, "शब्द कळले नाहीत, पण बाई जिवाच्या आकांताने ओरडतेय म्हटल्यावर आधी बोट वळवली." त्यांच्या बोटीवरच्या रेकॉर्डिंगमध्ये ती हाक आहे. आमच्या कंट्रोल रूमच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या वेळी नुसती शांतता. शेजारी बसलेला गॅरेथ अजून विचारतो, "'होल्ड'च्या आधी तू बोललीस कधी? तुझे तर ओठही हलले नव्हते." दुसऱ्या कुणाचा आवाज म्हणावा, तर त्या रेडिओ चॅनेलवर मराठी येणाऱ्या आम्ही दोघीच.

ऑफिसने माझं कौतुक केलं. टाळ्या हव्या होत्या ना, मिळाल्या. प्राजू पहिल्या रांगेत उभी राहून सगळ्यांत जोरात वाजवत होती. खरं काय ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. जीभच उचलत नाही.

बोटीवरचं ते रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. आईने विचारलं तर पुरावा आहे... स्पष्टीकरण नाही. कितीतरी वेळा ऐकलं. आवाज माझाच, शंकाच नाही. आणि खरं सांगू? आता मला प्राजूचा हेवा वाटत नाही. जी ओरडली, तिचा वाटतो.