पुढं घोडी, मागं तीन बैल

सायकल संघात मला घेतलं ते निव्वळ नियमामुळे. जुन्नरच्या बाजूला डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर शाळांची सायकल शर्यत होणार होती, आणि चौघांच्या संघात एक तरी मुलगी हवीच असं माहितीपत्रकात छापलेलं होतं. मी तेव्हा मंचरच्या शाळेत नववीत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि सायकल येणाऱ्या मुली वर्गात पुष्कळ असल्या तरी डोंगरात सायकल घालायला घरून परवानगी मिळालेली मी एकटीच. तीही वडिलांनी नीट न ऐकता मान हलवली म्हणून.

"नियमापुरती घेतोय हां तुला," माझ्या चुलत भावानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "तू फक्त शेवटपर्यंत पोच."

यात खोच होती. संघाची वेळ चौथा सायकलस्वार रेषा ओलांडेल तेव्हा धरणार होते. म्हणजे तिघं कितीही उडाले तरी घड्याळ माझ्यासाठी थांबणार, आणि हरलो तर कुणामुळे हे आधीच ठरलेलं. मला असा राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, त्यामुळे राग आणखी वाढला. या तिघांना चढावर मागं टाकायचं आणि रेषेवर उभं राहून त्यांची वाट बघायची, हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

तिघं म्हणजे हा चुलत भाऊ, दुसरा पेठेतल्या कापड दुकानवाल्या शेठजींचा मुलगा आणि तिसरा गॅरेजवाल्याचा. गॅरेजवाल्याच्या मुलाच्या वडिलांचं गॅरेज आळेफाट्याला होतं, हा मामाकडे मंचरला शिकायला राहिलेला. हात कायम काळे, आणि बोलणं नटबोल्टांतच. शेठजींचा मुलगा जैन, स्वभावानं गरीब, खोटं बोलताना कान लाल व्हायचे. तिघंही शाळेत एसटीनं नाहीतर चालत यायचे. मी रोज सकाळी दुधाची किटली हँडलला अडकवून डेअरीवर जायची आणि तिथून तशीच आमच्या निरगुडसरहून मंचरला सायकल हाणायची. हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं. मीही सांगायला गेले नाही.

शाळेला देणगीत जाड टायरच्या, गिअरच्या चार सायकली मिळाल्या होत्या. सराव घ्यायचे ते क्रीडाशिक्षक. पण शर्यतीला पंधरा दिवस राहिले आणि सरांना निवडणुकीचं काम लागलं. जाताना ते चुलत भावाच्या वडिलांना, म्हणजे आमच्या आबांना भेटले आणि म्हणाले, "तुम्हाला शर्यतीचा अनुभव आहे. पोरांकडे तेवढं बघा."

आबांना अनुभव होता, पण बैलगाड्याचा. आमच्या जुन्नर-आंबेगावात चढाच्या धावपट्टीवर बैलगाडे पळतात. त्या पट्टीला घाट म्हणतात. बैलांच्या पुढं एक घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो, आणि बैल तिच्या मागं जीव तोडून धावतात. वरच्या रेषेवर घड्याळ घेऊन माणूस बसलेला असतो. आबांचा गाडा गावोगावच्या यात्रांत पळायचा आणि भिंतीवर ढालींना जागा उरली नव्हती. सरांनी सोपवलेलं काम त्यांनी अगदी मनावर घेतलं. एवढंच की त्यांना शर्यतीची तयारी एकाच प्रकारची माहीत होती.

पहिल्या दिवशी त्यांनी चारही सायकली गोठ्यात दावणीशेजारी उभ्या केल्या आणि वर गोणपाटं घातली.

"आबा, सायकलला थंडी वाजत नाही," गॅरेजवाल्याचा मुलगा म्हणाला.

"तुला काय ठावं? सकाळी हात लावून बघ, कशी गारठल्याली असती."

मग त्यांनी मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या मोजल्या. "एवढ्या कशाला रं? एक धरायची अन् पळायचं." गॅरेजवाल्याच्या मुलानं अर्धा तास गिअर समजावून सांगितले. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी चढाला हलकं. मग आमी बैलाला चढाला काय हलकं करतो का?"

मंचरचे दोघं तेवढे दिवस आबांकडेच मुक्कामाला आले होते, आणि मुलांची तयारी पहाटे सुरू व्हायची. जानेवारीतल्या थंडीत तिघांना आधी कालव्यात पोहायला घालायचे. गाड्याचे बैल असेच पोहणीला नेतात. मग हळद घातलेल्या तेलानं पोटऱ्या रगडायच्या. आबांचा हात बैलाच्या पुठ्ठ्याला सवयीचा, मुलांच्या पोटऱ्या म्हणजे त्यांना चिमूटभर. तिघांच्या किंकाळ्या आमच्या अंगणापर्यंत ऐकू यायच्या आणि मी चुलीपुढं बसून चहा प्यायची. मुलगी म्हणून मला कालवा माफ होता, रगडणंही माफ होतं. मुलगी असल्याचा एवढा फायदा मला पुढं आयुष्यात कधी झाला नाही.

त्यानंतर खुराक. दूध, तूप, गूळ घालून मळलेले कणकेचे गोळे, आणि वर कच्ची अंडी. शेठजींच्या मुलानं अंड्याला हात जोडले.

"आबा, आमच्यात चालत नाही."

"अरं, बैल तरी काय मटण खातो का? तोबी माळकरीच. पन शर्यतीच्या टायमाला अंडं खातो."

"त्याला विचारून देता का?"

आबांनी अंडं परत टोपलीत ठेवलं. असं फार क्वचित व्हायचं. त्या दिवसापासून शेठजींच्या मुलाचा खुराक वेगळा झाला आणि त्याच्या वाटची अंडी माझा चुलत भाऊ गुपचूप प्यायला लागला. आठव्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. आबांनी त्याला ओवा दिला आणि पाठीवर थाप मारत सांगितलं की, खुराक अंगी लागतोय.

मला मात्र ना खुराक ना सराव. मी आपली बाजूला उभी. शेवटी एके दिवशी मीच विचारलं, "आबा, मी काय करायचं?"

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "तू घोडी."

मुलं खो खो हसली. मला रडूच यायचं बाकी राहिलं.

"हसू नगा," आबा त्यांच्यावर डाफरले. "बैल आपल्या मनानं पळत न्हाई. म्होरं घोडी दिसली तर पळतो. ही म्होरं पळंल, तुमी हिच्या मागं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पन एक ध्यानात ठेव, बाय. घोडीवरचा गडी सारखा मागं वळून बघतो. लई म्होरं गेला तर बैल जागेवर थांबत्यात. घोडी एकली वर पोचून काय उपेग? घड्याळ गाड्याचं असतंय."

मी हो म्हटलं. मनात मात्र पुढं पळायचं एवढंच ठेवलं, वळून बघायचं सोडून दिलं. रागावलेल्या माणसाला उपदेशातला सोयीचा तेवढाच अर्धा भाग ऐकू येतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आबांनी सायकलींना अंघोळ घातली. हँडलला काळा दोरा बांधला, लिंबू-मिरची लटकवली. बैलपोळ्याला शिंगांना लावून उरलेला लाल रंग माळ्यावर होता, तो काढून चारही हँडलांच्या टोकांना फासला. घुंगरांचे पट्टेही बांधले होते, पण गॅरेजवाल्याच्या मुलानं वजन वाढतं म्हणून ते काढले आणि आबांना सांगितलं की, पंच आवाजाला हरकत घेतात. संध्याकाळी मी काकीबरोबर शेंगदाण्याचे लाडू वळायला बसले. शर्यत झाल्यावर मुलांना द्यायचे होते. त्यांतले सात-आठ मी वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवले. कारण आबांचा शेवटचा नियम मला कळला होता, शर्यतीच्या दिवशी उपाशी पोटी पळायचं. गाड्याच्या दिवशी त्यांच्या दावणीला सकाळी वैरण पडत नसे, मग मुलांना तरी का?

सकाळी आम्ही बैलांच्या टेम्पोतून निघालो. खाली पाचट, शेणाचा वास, मध्ये चार सायकली आणि दोरीला धरून उभे आम्ही. तिघांचे चेहरे भुकेनं उतरले होते. शेठजींच्या मुलाला घरून शिऱ्याचा डबा दिलेला, तो आबांनी काढून घेऊन पुढं ड्रायव्हरजवळ ठेवला. मी मात्र नारायणगाव यायच्या आत गोणपाटाच्या आडोशाला बसून दोन लाडू संपवले. कुणाला दिला नाही. याची मला तेव्हा अजिबात लाज वाटली नाही, उलट मजाच वाटली.

तिथं पोचलो तर बाकीचे संघ एकसारख्या बनियनीत, डोक्याला हेल्मेट वगैरे. आम्ही कपाळाला भंडारा लावलेले, आणि रंग नीट वाळलेला नसल्यामुळे चौघांचेही तळहात लालभडक. एका पंचानं काळजीनं विचारलं, "कुणाला लागलंय का?" आबांनी सायकलींच्या चाकांवरून लिंबू उतरवून चहूदिशांना फेकले. एक दुसऱ्या शाळेच्या सरांच्या पाठीत बसला. शिट्टी वाजली आणि आबा गाडा सुटताना ओरडायचे तसे जिवाच्या आकांतानं ओरडले, "भिर्रर्रर्र!" शेजारच्या संघातला एक मुलगा दचकून सुरुवातीलाच आडवा झाला.

मी सुटले. पोटात लाडू, पायांत रोजच्या दूधफेरीची सवय. खडीचा चढ लागला आणि मागून सुरुवातीला ऐकू येणारी धापांची चाहूल हळूहळू बंद झाली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. नियमापुरती घेतलेली मुलगी पुढं आणि गडी दिसतसुद्धा नाहीत. खिंडीत पोचेपर्यंत मी एकदाही वळले नाही. तिथं पाणी द्यायला उभ्या असलेल्या स्वयंसेवकानं मोठ्या कौतुकानं विचारलं, "एकटीच का? तुझा संघ कुठंय?"

तेव्हा वळून बघितलं. खाली सगळा चढ दिसत होता आणि त्यावर आमच्यापैकी कुणी चालू नव्हतं. चुलत भाऊ सायकल आडवी टाकून दगडावर बसला होता. गॅरेजवाल्याचा मुलगा हँडलवर डोकं टेकून उभा, आणि शेठजींचा मुलगा करवंदीच्या जाळीशेजारी चक्क पालथा पडलेला. शेजारून दुसऱ्या शाळांचे संघ जात होते. वर मी पहिली, आणि माझ्या पहिलेपणाचा कुणालाच काही उपयोग नव्हता, मलासुद्धा. खिशातले लाडू मांडीला टोचत होते. आता मला लाज वाटली, आणि चांगलीच वाटली.

मी सायकल वळवली आणि सगळा चढ खाली उतरले.

चुलत भावानं मला येताना पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "तू का आलीस परत?"

"गप खा," मी पुडी उघडली.

तिघांनी लाडू अधाशासारखे खाल्ले. शेठजींच्या मुलानं पालथ्याचा उताणा होत विचारलं, "यात अंडं नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यानं तिसरा उचलला. मग मी पुढं झाले, आणि या वेळी प्रत्येक वळणावर मागं बघितलं. कुणी ढिला पडला की मी ढिली व्हायची, सावरला की पुन्हा दामटायची. खिंड पार झाली. उतारावर चौघं एका रांगेत सुटलो तेव्हा चुलत भाऊ मागून ओरडला, "पळ की घोडे!" आणि पहिल्यांदाच मला त्या शब्दाचा राग आला नाही.

नऊ संघांत आमचा नंबर सातवा आला. आबा रेषेवर घड्याळ घेऊन उभे होते.

"कुठं व्हता इतका वेळ?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आणि आश्चर्य म्हणजे शेठजींचा मुलगा बोलला, "चेन पडली होती, आबा." त्याचे कान कुंकवासारखे लाल झाले.

"कुणाची?"

"सगळ्यांची," गॅरेजवाल्याचा मुलगा म्हणाला. एवढ्या हुशार मुलानं एवढं अडाणी उत्तर द्यावं याचं मला अजून नवल वाटतं.

आबांनी चौघांच्या तोंडांकडे नीट बघितलं. चुलत भावाच्या ओठाला गूळ लागला होता. "चेनला आता गुळाचं वंगण लावत्यात का राव?" एवढंच म्हणाले आणि टेम्पोकडे वळले. शिऱ्याचा डबा त्यांनी स्वतः उघडला, पण तो आधीच ड्रायव्हरनं संपवलेला होता.

पुढच्या वर्षी सर निवडणुकीच्या कामातून सुटलेले होते. त्यांनी वर्गात नवं माहितीपत्रक वाचून दाखवलं. मुलीची अट काढून टाकलेली होती. मी खाली मान घालून वहीत रेघा मारत बसले. मला फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मधल्या सुट्टीत मी मुद्दाम मोठमोठ्यानं हसत होते. घरी आल्यावर ट्रॅकपँट घडी करून पेटीच्या तळाशी ठेवून दिली.

संध्याकाळी अंगणात सायकलींच्या घंट्या वाजल्या. तिघं आले होते. वडील ओट्यावर बसलेले.

"आता तर नियम न्हाई ना पोरीचा?" वडिलांनी विचारलं. या खेपेला ते नीट ऐकत होते.

"नियम नाही, काका," शेठजींचा मुलगा म्हणाला. त्याचे कान लाल झाले नव्हते. "पण तिच्याशिवाय पुढं पळायचं कुणी?"

मी दारामागूनच म्हटलं, "मी नाही येणार. उपाशी बैल ओढत न्यायला मला काय पडलंय?"

चुलत भाऊ पुढं आला. त्यानं शर्टाच्या आतून वर्तमानपत्राची एक पुडी काढली आणि उंबऱ्यावर ठेवली. उघडून बघितलं तर शेंगदाण्याचे लाडू. वाकडेतिकडे, गूळ जास्त झालेले, एकावर बोटांचे ठसे तसेच. ते त्यानं स्वतः वळले होते.

मी एक तोंडात टाकला आणि ट्रॅकपँट काढायला आत गेले.