बांधावर उभ्या राहिलेल्या प्रयागताई

प्रयागताईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी फजिती होती. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाणलोटाच्या कामावर ओव्हरसियर म्हणून माझी नेमणूक साखऱ्याकडच्या एका गावात झाली. मी पारावर पाहणीचा छापील फॉर्म भरत बसलो होतो: रस्ता नाही, वीज नाही, पाणी नाही. ताई तेव्हा अंगणवाडी सांभाळून बायकांचा गट चालवत. त्यांनी तो फॉर्म माझ्या हातातून घेऊन वाचला.

"साहेब, या कागदात आमी सारे आजारीच दिसून राहिलो. आमाला काय येतं, ते लिवायला जागाच न्हाई व्हय?"

जागा नव्हती. मग त्यांनी मला कागद उलटा करायला लावला आणि घरोघर फिरवलं. दगड कोणाला कळतो, बियाणं कोणाच्या घरचं टिकतं, भांडण कोण मिटवतं, सगळं लिहून घेतलं. माझे पाय भरून आले. मनात म्हटलं, ही बाई म्हणजे डोक्याला ताप आहे. खोटं कशाला सांगू, पुढचं वर्षभर माझं मत तेच होतं.

कामांची वाटणी ताई त्या यादीवरूनच करत. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या, बौद्धवाड्यातल्या सोजरबाईंना त्यांनी दगडी बांधांच्या मुकादम केलं, तेव्हा गावातल्या काही जणांनी तोंडं वाकडी केली. ताई म्हणाल्या, "ज्याला सोजरपेक्षा दगड कळतो त्यानं पुढं यावं. मी बसलेच हाय." कुणी आलं नाही.

यादीत नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्याचे हिरामण नाईकही होते. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. जमिनीकडे बघून पाणी कुठे वळेल हे नाईक सांगत. नाल्यावर मातीचा बांध घालताना जादा पाणी काढून देणारा सांडवा मी डाव्या अंगाला धरला, कारण तिथे खोदाई सोपी होती.

"साहेब, काहून तिकडं काढून राहिले?" नाईक म्हणाले. "डावीकडं आमची घरं हायत. नाला भरला की पाणी उजवीकडं धावतं, त्याची जुनी वाट तीच."

मी त्यांना नकाशा दाखवला. ताईंनी मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा म्हटलं, मापं घेतलीत. माझ्या शब्दावर त्यांनी गटातर्फे आराखड्यावर सही केली.

बांध पुरा झाला, पावसाळा लागला, पोळा होऊन गेला होता. एक दिवस सकाळी लागलेला पाऊस दुपारी नुसता ओतू लागला. आम्ही बांधावर धावलो, तर पाणी माथ्यापासून हातभर खाली होतं. सांडव्याची कड ढासळत होती आणि गढूळ लोंढा तांड्याच्या खालच्या पाच घरांकडे सरकत होता. बाया लेकरं काखेत घेऊन वर पळत होत्या. दोन म्हाताऱ्या अजून आतच होत्या.

"उजवं अंग फोडा!" नाईक ओरडले. उजवीकडे फोडायचं तर पाणी सोजरबाईंच्या सोयाबीनमधून जाणार. मीही ओरडलो, "अर्धा तास थांबा, सांडवा झेलेल!"

ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. अंगावरून पाणी निथळत होतं, आवाज मात्र शांत.

"खात्री हाय का, साहेब? व्हय का न्हाई, एवढंच सांगा."

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी 'होय' म्हटलं असतं तर सगळे थांबले असते, हे मला माहीत होतं. नोकरी दिसत होती, अब्रू दिसत होती.

"नाही," मी म्हटलं. "माझं चुकलं. नाईकांचं बरोबर आहे."

ताई लगेच वळल्या. "सोजर, रान तुहं हाय."

सोजरबाईंनी उभ्या पिकाकडे एकदा बघितलं. "लेकरं हायत तितं. फोडा." पहिली पहार त्यांनीच मारली.

नाईक जागा दाखवत गेले, आम्ही खणत गेलो. अखेर पाणी उजवीकडे वळलं आणि सांडव्यावरचा लोंढा ओसरला. पाचही घरं वाचली, म्हाताऱ्यांना पोरांनी उचलून बाहेर आणलं. सोजरबाईंचं अर्धं रान मात्र खरवडून गेलं. मी चिखलात बसून ढसाढसा रडलो.

तिसऱ्या दिवशी सभा भरली. तांड्यावरचे तरुण पेटलेले होते. "या साहेबाला हाकला!" मला वाटलं, ताई सांभाळून घेतील. छे!

"चूक यांची हाय," त्या म्हणाल्या. "नाईकांना सोडून मी यांच्या शब्दावर सही केली, म्हून माझी बी हाय. सोजरच्या रानात माती टाकायला उद्यापासून मी जाणार, हे बी येतील. मग हाकलायचं का ठेवायचं, ते तुमी ठरवा. पर आदी सांगा, यान्ला काय येतं?"

वर्षभर त्या गावात वावरून माझ्या नावापुढे लिहायला कुणाला एक शब्द सापडत नव्हता. तेवढं अपमानित मला आयुष्यात कुणी केलं नाही. शेवटी उठल्या त्या सोजरबाई.

"यान्ला चूक कबूल करता येती," त्या म्हणाल्या. "तवा न्हाई म्हणले म्हून घरं वाचली. आजवर कुन्या साहेबाला हे जमलं न्हाई. ऱ्हाऊ द्या."

नाईकांनी मान हलवली आणि मी राहिलो. महिनाभर आम्ही सोजरबाईंच्या रानात माती वाहिली. नवा सांडवा नाईकांनी आखला, मी मापं धरली. दुपारची भाकरी ताईंच्या घरून यायची. पहिल्या दिवशी मी लाजून लांब बसलो, तर कडाडल्या, "चूक केली म्हून उपाशी मरता का? या इकडं!" शाश्वत विकास वगैरे शब्द ताईंच्या कामाला आता लोक लावतात. लावोत. तो बांध आजही गावच राखतं, एवढं मी डोळ्यांनी बघतो.

त्या सभेनं मला हाकललं असतं, तर मी दुसऱ्या तालुक्यात गेलो असतो, चूक दुसऱ्याच्या माथी मारायला शिकलो असतो आणि सुखाने निवृत्त झालो असतो. ताईंनी ते होऊ दिलं नाही. ताई, साठी झाली, आता गुडघ्यांचं औषध टाळू नका. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. खोटं बोलायची वेळ आली की मला अजून तुमची भीती वाटते, आणि ती वाटत राहायला तुम्ही पुष्कळ वर्षं हव्या आहात.