फरीदाबादला गेलेलं निर्माल्य

हे मी बायकोलासुद्धा उशिरा सांगितलं.

फरीदाबादच्या आमच्या प्रयोगशाळेत हिरव्या कचऱ्यापासून इंधन काढायचं काम चाले. गवत, देठं, पानं बारीक करायची, सौम्य अ‍ॅसिडमध्ये उकळायची, यीस्ट घालून आंबवायची आणि त्यातून अल्कोहोल गाळून घ्यायचं. एका सप्टेंबरात वरचे साहेब काम पाहायला येणार होते, आणि माळ्याचं गवत कापायचं यंत्र नेमकं बंद पडलं. दाखवायला कच्चा मालच नाही.

माझ्या स्कूटरवर तेव्हा एक पोतं होतं. पहाडगंजच्या आमच्या मंडळाच्या गणपतीचं निर्माल्य. दूर्वा, पत्री, केळीची पानं. ते यमुनेत सोडायचं काम मंडळातल्या एक काकू दरवर्षी माझ्यावर सोपवत. निवृत्त शिक्षिका, आईमागे दिल्लीत मला हक्काने रागावणारं तेवढंच माणूस. मी पोतं सरळ प्रयोगशाळेत नेलं.

"सोडलंस ना रे नीट?" त्यांनी विचारलं.

"बिल्कुल, काकू."

इंधन छान उतरलं. साहेब खूश झाले. मला मात्र माझं ते 'बिल्कुल' आठवत राहिलं. रविवारी काकूंकडे गेलो.

"नदीत नाही सोडलं, काकू. त्याचं अल्कोहोल केलं."

"बाप्पाच्या दूर्वांची दारू?"

"पिण्याची नाही. गाडीत घालायची."

"कुठवर जाईल गाडी?"

"तुमच्या गल्लीच्या टोकापर्यंत."

"आणि तेवढ्यासाठी माझ्याशी खोटं बोललास?" त्यांनी तोंड फिरवलं. "दूर्वांचं जाऊ दे. मी विचारलं, तू हो म्हणालास."

चाळिशीतला बाप्या मी, मान खाली घालून बसलो. चहा आला, बिनसाखरेचा. मुद्दाम असणार. मी संपवला.

पुढच्या वर्षी पोतं दुसऱ्या कुणाकडे जाईल, असं धरूनच चाललो होतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पोत्याशेजारी पर्स अडकवून उभ्या.

"चल फरीदाबादला. या वेळी डोळ्यांनी बघणार."

"काकू, भट्टीवर निघालात?" मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले. काकूंनी त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"हो. तुला चाखायला आणते हं!"

प्रयोगशाळेच्या दाराशी त्या चपला काढू लागल्या.

"राहू द्या, आत अ‍ॅसिड सांडलेलं असतं."

"मग तू पुढे हो," म्हणत माझी बाही धरून आत आल्या. पहिली मूठ त्यांनीच यंत्रात टाकली. पोतं रिकामं होईपर्यंत हलल्या नाहीत. मग हात झटकले.

"चल, भूक लागली. तुझ्या घरी आज काय केलंय?"